निल रिपोर्ट : एका जोडप्याच्या साडेसहा वर्षांचं प्रकरण

ती एकटीच आली होती. जून २०२३चा दुसरा आठवडा, मिरजेत पावसाचा पत्ता नव्हता. हातातली फाईल एवढी जाड की तिला दोन रबरं लावलेली. पण ती फाईल तिने टेबलाच्या कडेला सारली आणि पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला. "मॅडम, आधी हे बघा."

नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. तारीख नोव्हेंबर २०२२ची. शुक्रजंतूंच्या रकान्यात 'निल' छापलेलं आणि त्याखाली कोणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली.

हा कागद तिला सापडला तो सोसायटीच्या पीककर्जाचं नवंजुनं करायला सातबारा शोधताना. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आठ-अच्या उताऱ्यामागे सरकवून ठेवला होता. म्हणजे सात महिने तो घरातच होता. त्या सात महिन्यांत तिने बीज फुटायच्या गोळ्यांचे आणखी तीन कोर्स घेतले होते, आणि प्रत्येक वेळी सोनोग्राफीला तिला मोटरसायकलवरून घेऊन जाणारा नवराच होता.

"मला सापडलाय हे त्यांना ठाऊक नाही," ती म्हणाली. "यातनं काही होतंय का ते तुम्ही सांगा. मग घरी बोलते."

ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. तासगाव पट्ट्यातली अडीच एकर द्राक्षबाग, सासू-सासरे, धाकटा दीर, एवढं पुरे.

फाईल

लग्न डिसेंबर २०१६चं. तेव्हा ती २३ची, तो २८चा. वर्ष उलटलं तरी दिवस गेले नाहीत म्हणून सासूबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. तिथून पुढची पाच वर्षं त्या फाईलमध्ये तारीखवार होती. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सगळं ठीक. सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक फुगे दिसले आणि कागदावर 'पीसीओडी' उमटलं, ते प्रत्येक नव्या डॉक्टरने पुढे उतरवून घेतलं. आधी क्लोमिफेन, मग लेट्रोझोल, या बीज फुटायच्या गोळ्या मिळून अकरा महिने. एकदा 'पिशवी साफ'. एकदा नळ्यांचा एक्स-रे, दोन्ही नळ्या मोकळ्या. त्यानंतर दुर्बिणीतून तपासणी, पुन्हा नळ्या मोकळ्याच, आणि टाक्यांचा खर्च होतोच आहे तर म्हणून अंडाशयांना चार-चार ठिकाणी डागण्या. वैद्यकीय भाषेत त्याला ड्रिलिंग म्हणतात.

मी तिला पहिल्यांदा विचारलं ते पाळीबद्दल. "अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी. लग्नाच्या आधीपासनं. कधी चुकली नाही." चेहऱ्यावर जादा केस नाहीत, वजन बेताचं. पीसीओडी, ज्याला आता पीसीओएस म्हणतात, ते म्हणायला तीन खुणांपैकी दोन तरी लागतात : पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. हिच्याकडे फक्त चित्र होतं, आणि तसं चित्र कितीतरी निरोगी तरुण मुलींमध्ये दिसतं. जिचं बीज दर महिन्याला आपलं आपण फुटतंय तिला बीज फुटायच्या गोळ्या देऊन काय मिळवायचं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

एका जुन्या केसपेपरवर कोपऱ्यात 'हजबंड सीमेन' असं लिहिलेलं होतं. म्हणजे सांगणाऱ्याने सांगितलं होतं. ते झालं नाही, आणि नाही झालं म्हणून कोणी अडूनही बसलं नाही. "ते म्हणायचे, मला काय झालंय?" त्याला खरंच काही झालेलं नव्हतं. दाढीमिशी होती, अंगात ताकद होती, शरीरसंबंधात अडचण नव्हती. पौरुष आणि प्रजननक्षमता या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच पोत्यात भरलेल्या असतात. शुक्रजंतू एकही नसला तरी बाकी सगळं जसंच्या तसं असू शकतं, कारण वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा आकारमानाने फारच थोडा. डोळ्यांनी बघून फरक कळतच नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाकडच्या कारणाचा एकट्याने किंवा बायकोकडच्या कारणाबरोबर हात असतो. वीर्यतपासणी म्हणजे काही शे रुपयांची, भूल न लागणारी, एका सकाळची तपासणी. हिच्या बाबतीत ती भूल, दुर्बीण आणि डागण्या झाल्यानंतर झाली.

रिपोर्टातल्या बाकीच्या ओळी

त्या लाल रेघेने एक घोटाळा केला होता. बघणाऱ्याची नजर थेट 'निल'वर जायची आणि तिथेच थांबायची. नोव्हेंबरमध्ये ज्यांनी रिपोर्ट पाहिला त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "तुमच्यात तयारच होत नाहीत, डोनर घ्यावा लागेल." तो उठून आला आणि कागद आठ-अच्या मागे गेला.

वरच्या तीन ओळी कोणी वाचल्या नव्हत्या. वीर्याचं प्रमाण ०.७ मिलिलिटर. आम्लता मोजणारा पीएच ६.५. फ्रुक्टोज : आढळले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे वीर्याचं प्रमाण किमान १.४ मिलिलिटर असावं आणि पीएच ७.२च्या खाली सहसा नसावा. वीर्यातला दोन तृतीयांशांच्या आसपास भाग मूत्राशयामागच्या दोन पिशव्यांतून, शुक्राशयांतून येतो. तो अल्कधर्मी असतो आणि फ्रुक्टोज ही साखर त्यातच असते. उरलेला बराचसा प्रोस्टेटचा स्राव, तो आम्ल. आता तिन्ही ओळी एकत्र वाचा : प्रमाण कमी, साखर नाही, द्रव आम्ल. म्हणजे बाहेर आलं ते जवळजवळ नुसतं प्रोस्टेटचं पाणी. शुक्राशयांकडून काही आलंच नाही. अंडकोषात शुक्रजंतू तयार होत नसतील तर वीर्य असं दिसत नाही. तेव्हा प्रमाण आणि साखर साधारण ठीक असतात, फक्त जंतू नसतात. इथे कारखान्यापेक्षा रस्त्यावर संशय घ्यायला हवा होता.

पण एका रिपोर्टावर मी काही बोलत नाही. लाजेने, घाईने, प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये निम्मा नमुना सांडला तरी प्रमाण कमीच येतं. तो आला तर पुढे बघू, म्हणून मी तिला पाठवलं.

घरी ती काहीच बोलली नाही. कागद होता त्याच फोल्डरमध्ये ठेवला. फक्त आठ-अच्या मागे न ठेवता पुढे ठेवला आणि त्याला माझ्या दवाखान्याचं कार्ड टाचलं. आठ दिवसांनी दोघं आले.

बोटांची तपासणी

तो खुर्चीच्या टोकावर बसला. पहिलं वाक्य : "मी बारा वर्षं बागेत औषध मारतोय. त्यानंच झालं असणार." गावातही तेच म्हणत होते. द्राक्षाला फवारण्या किती होतात ते त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि काही कीटकनाशकांचा शुक्रजंतूंच्या निर्मितीवर वाईट परिणाम होतो हेही खरं. मास्क-हातमोज्याशिवाय फवारू नका, हे मी त्याला वेगळं सांगितलंच. पण त्याच्या रिपोर्टचं उत्तर फवारणीत नव्हतं.

शेवटच्या संबंधानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून आमच्याकडे पुन्हा नमुना घेतला, पूर्ण आला आहे याची खात्री करून. ०.६ मिलिलिटर, पीएच ६.४, फ्रुक्टोज नाही. नमुना यंत्रात वेगाने फिरवून तळाचा गाळ तपासला, तिथेही एकही शुक्रजंतू नाही. रक्तात एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स नॉर्मल. अंडकोषातलं काम बंद पडलं की मेंदूतली ग्रंथी त्याला हाका मारते आणि एफएसएच वाढतं. इथे तशी हाकाटी नव्हती.

मग माझ्या मूत्ररोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी त्याला तपासलं. हे मी मुद्दाम लांबवून लिहिते आहे. अंडकोषाचं आकारमान मोजायला एक माळ असते, रुद्राक्षाच्या माळेसारखी, फक्त मणी चढत्या आकाराचे आणि प्रत्येकावर आकडा कोरलेला. एका हातात माळ, दुसऱ्या हाताने चाचपायचं. त्याचे दोन्ही २०च्या मण्याशी जुळले, म्हणजे भरपूर. त्यानंतर त्यांनी अंडकोषाच्या वर, दोरीसारख्या भागात, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक वस्तू शोधायला सुरुवात केली. शुक्रवाहिनी. ती चिमटीत ताणलेल्या सुतळीसारखी लागते, घट्ट आणि गुळगुळीत, बाजूच्या मऊ रक्तवाहिन्यांपेक्षा अगदी वेगळी. नसबंदीत कापतात ती हीच. उजवीकडे नव्हती. डावीकडेही नव्हती. पाचएक मिनिटं त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, मग हातमोजे काढले आणि मला म्हणाले, "जन्मतःच नसबंदी झालेला माणूस आहे."

दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मापासून नसणं, हे निदान. त्याला सीबीएव्हीडी म्हणतात. मूल होत नाही म्हणून तपासलेल्या पुरुषांपैकी शंभरात एखाद-दोघांत ते सापडतं, आणि ते करायला लागतात दोन बोटं आणि कागदावरच्या तीन ओळी. या माणसाला 'तयारच होत नाहीत' असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात अंडकोष चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून इमानेइतबारे काम करत होते, फक्त माल बाहेर न्यायला रस्ता नव्हता.

त्याला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पाट बांधलाच नव्हता. विहिरीला पाणी आहे." मी आजवर काढलेल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा ते बरं होतं. तेवढ्यात ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "मग त्या गोळ्या मी कशाला खात होते?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी मध्ये पडले नाही.

जनुकाचा प्रश्न

हे निदान नळीपाशी संपत नाही. शुक्रवाहिनी गर्भातच नीट न घडण्यामागे बहुतेकदा सीएफटीआर नावाच्या जनुकातला बिघाड असतो. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचंही हेच जनुक. त्यात फुफ्फुसांत आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साठतात आणि मूल वारंवार आजारी पडतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही प्रतींत जबर बिघाड असेल तर आजार. एक जबर आणि एक सौम्य असेल तर माणूस धडधाकट, पण शुक्रवाहिन्या गायब, असं होऊ शकतं.

ज्यांच्यात हे जनुक ठीक निघतं त्यांच्यापैकी काहींना एक मूत्रपिंडच नसतं, कारण गर्भात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी घडतात. म्हणून पोटाची सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं जागेवर होती.

मग दोघांच्या रक्ताची जनुकतपासणी. 'दोघांच्या' हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर एक तरी सदोष प्रत मुलाकडे जाणारच. बायकोही नकळत वाहक असेल तर दोन सदोष प्रती घेऊन जन्मायची शक्यता निम्मी. स्वस्त पडतात म्हणून काही ठिकाणी युरोपीय लोकांत आढळणारे ठरावीक बदल तेवढे तपासतात. भारतीयांमध्ये त्यांतले बरेच बदल कमी दिसतात आणि इतर दिसतात, त्यामुळे पूर्ण जनुक वाचून घेतलेलं बरं. आम्ही तसंच केलं.

रिपोर्टला महिना लागला. त्याच्याकडे एका प्रतीत एफ५०८डेल हा जबर बदल, दुसरीत ५टी नावाचा सौम्य बदल. हा जोड सीबीएव्हीडीत नेहमी दिसणारा. ती निर्दोष. म्हणजे मूल वाहक असेल, पण तिच्याकडून एक चांगली प्रत नक्की मिळेल. कोणतीही तपासणी शंभर टक्के खात्री देत नाही, हे मी कागदावर लिहून दिलं, कारण तोंडी सांगितलेलं नेमकं हेच वाक्य लोक विसरतात.

काय करता येईल

पाट बांधता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न. नाही. नसबंदी केलेल्या माणसाची नळी पुन्हा जोडता येते, कारण दोन टोकं असतात. इथे जोडायला टोकंच नाहीत. गोळ्या-इंजेक्शनं, काढे, भस्मं यांनी नळी उगवत नाही. त्याने आधीच एका वैद्याकडून चार महिन्यांची पुडी आणली होती. मी रागावले नाही, फक्त बंद करायला सांगितलं.

दात्याच्या वीर्याचा मार्ग होता, दत्तकाचा होता. दोन्ही मी मांडले, आणि तिसरा : अंडकोषाच्या वर शुक्रजंतू साठवणाऱ्या भागाचं डोकं या लोकांत शाबूत असतं, तिथून सुईने शुक्रजंतू काढायचे. पण ते थोडे, आणि पूर्ण पक्व होण्याआधीच उचललेले. पिशवीत सोडले तर बीजापर्यंत पोचत नाहीत. साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीत बीजाभोवती हजारो शुक्रजंतू सोडतात आणि कोणीतरी आत शिरतो, तेही यांना झेपत नाही. म्हणून इक्सी. बीज एका नळीने धरायचं आणि केसापेक्षा कितीतरी बारीक सुईने एकच शुक्रजंतू आत सोडायचा.

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मली तेव्हा तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली हर्षा जन्मली. तोवर टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे प्रामुख्याने बाईच्या नळ्यांवरचा उतारा होता. पुरुषाच्या अडचणीवरचं उत्तर, म्हणजे इक्सी, ब्रसेल्समधून १९९२ साली आलं. आमच्या या माणसाचं वय तेव्हा तीन-चार वर्षं. त्याच्या वडिलांच्या पिढीत असाच कोणी असता तर त्याच्या बायकोला आयुष्यभर वांझ म्हणून घ्यावं लागलं असतं आणि खरं कारण कोणालाही कळलं नसतं.

२०२१च्या कायद्याने नोंदणी असलेल्या केंद्रातच हे उपचार करता येतात, आणि प्रत्येक टप्प्याला दोघांची लेखी संमती लागते. तिने फॉर्मची प्रत्येक ओळ वाचली. एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "यात दुसऱ्या कुणाचं वापरणार नाही असं लिहिलंय ना?" नवऱ्याने मान खाली घातली. तो ज्या भीतीने सात महिने गप्प होता ती हीच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी काय सांगायचं, यावर दोघांत मतभेद होते. त्याला काहीच सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "साडेसहा वर्षं आत्याबाईंनी मला ऐकवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला मागं बसवलं. आता तुम्ही सांगा." शेवटी त्याने आईला सांगितलं, बागेत, वेल बांधता बांधता. सासूबाई दुसऱ्या दिवशी सुनेसाठी दुधाचा पेला घेऊन आल्या, बाकी काही बोलल्या नाहीत. ही माफी धरायची का, असं तिने मला विचारलं होतं.

फवारणीची वही

तिच्या अंडाशयातला साठा दाखवणारा एएमएच १.६ आला. तिशीच्या बाईला जरा कमीच. डागण्यांमुळे झाला का? आधी किती होता हे कोणी मोजलेलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पाळीच्या दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी पोटावर, दहा दिवस. रोज मिरजेला येणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने शिकून घेतलं. इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची, आणि गावात वीज जायची, तेव्हा त्याने बर्फ घातलेला थर्मास तयार ठेवला होता. सहाव्या दिवशी सोनोग्राफीला आले तेव्हा त्याने डोसाची नोंद म्हणून एक वही माझ्यासमोर उघडली. ती त्याची फवारणीची वही होती. डाव्या पानावर मागच्या हंगामातलं घडांच्या बुडवणीचं जीए, म्हणजे मणी फुगवायचं संजीवक, किती पीपीएम, किती लिटर पाणी, किती वाजता. उजव्या पानावर बायकोची इंजेक्शनं, त्याच अक्षरात, त्याच रकान्यांत : युनिट, वेळ, कोणत्या बाजूला टोचलं, आणि 'हवामान'च्या रकान्यात 'डोकं दुखतंय'. इतकी चोख नोंद माझ्या नर्सही ठेवत नाहीत.

बीजं पक्व व्हायचं शेवटचं इंजेक्शन रात्री साडेदहाला, त्यानंतर ३६ तासांनी, म्हणजे परवा सकाळी साडेदहाला, बीजं काढायची. यात वेळ चुकली तर पंचाईत. त्याने गजर तीन लावले होते.

नऊ बीजं निघाली. शेजारच्या खोलीत त्याच सकाळी त्याच्यावर सुईचं काम झालं. आमच्या भ्रूणतज्ज्ञ मुलीने थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मला हाक मारली. हळू, डळमळत, पण हलत होते. मी त्याला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. भुलीतून नुकताच उठलेला, एका हाताने पायजमा धरून उभा. "माझे?" एवढंच.

उरलेले शुक्रजंतू गोठवून ठेवले. नऊपैकी सात बीजं पक्व होती, सातांत इक्सी केली. दुसऱ्या दिवशी १६-१८ तासांनी पाहिलं तर पाच फळली होती. पाचव्या दिवशी भ्रूण म्हणावेत असे दोनच उरले. ही गळती सगळ्यांच्यात होते, पण कोणी ती आधी सांगितली नसेल तर नऊवरून दोनवर आलेला आकडा ऐकून बायका कोसळतात.

माझी चूक

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी तिचं प्रोजेस्टेरॉन १.६ नॅनोग्रॅम आलं होतं. ते दीडच्या पुढे गेलं की गर्भपिशवीचं अस्तर वेळेआधी तयार होऊन बसतं आणि भ्रूण उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा दारात राहतो. अशा वेळी सगळे भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या पाळीत सोडणं चांगलं. मला ते माहीत होतं. पण ऑक्टोबरची फळछाटणी तोंडावर होती. एकदा छाटणी सुरू झाली की त्याला पुढचे तीन महिने बागेतून हलता येणार नाही, तिलाही नाही, आणि दोघं म्हणाले, "आत्ताच करा मॅडम." मी आकड्याऐवजी छाटणीचं ऐकलं. एक भ्रूण त्याच वेळी सोडला.

चौदा दिवसांनी बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह.

सगळं नीट करूनही पहिली वेळ अनेकदा फुकट जाते, त्यामुळे प्रोजेस्टेरॉननेच घात केला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तो निर्णय माझा होता आणि तो घाईचा होता, हे मी तिला फोनवर सांगितलं. पलीकडून कात्रीचे आवाज येत होते. "जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "एक राहिलाय ना?"

एक राहिला होता. दुसरा भ्रूण जानेवारी २०२४मध्ये सोडला. या वेळी अस्तर निवांत तयार केलं, कोणाच्या तारखा पाहिल्या नाहीत. चौदाव्या दिवशी आकडा २४० आला, दोन दिवसांनी ५२०. पुढचे आठ महिने साधे गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि तेच बरं. सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली, दोन किलो आठशे. एकूण खर्च दोन लाखांच्या पुढे गेला, त्यातला बराचसा आदल्या वर्षीच्या बेदाण्याचा.

मुलीच्या सीएफटीआरची तपासणी आत्ता करू नका, असं मी सांगितलं. ती वाहक आहे हे तिच्या वडिलांच्या रिपोर्टवरूनच ठाऊक आहे. तिला अठरा पूर्ण झाल्यावर तिच्या लग्नाआधी तिला सांगायचं, आणि रिपोर्ट नीट ठेवायचा. "आठ-अच्या मागं," बायको म्हणाली. या वेळी नवराही हसला.

धाकटा

तुळशीचं लग्न झाल्यावर, नोव्हेंबरात, त्याचा फोन आला. "धाकट्याचं जमतंय. मुलगी कवठ्याची आहे. त्याला तुमच्याकडं आणू का?"

हे मी त्याला जनुकाचा रिपोर्ट दिला तेव्हाच सुचवलं होतं. आई-वडिलांकडून एकेक सदोष प्रत याच्याकडे आली, तर सख्ख्या भावाकडेही त्यातली एक, दोन किंवा एकही नाही, असं काहीही आलेलं असू शकतं. दोन्ही येण्याची शक्यता चारात एक.

धाकटा आला. थोरल्यासारखाच खुर्चीच्या टोकावर बसला. माझ्या सहकाऱ्यांनी हातमोजे घातले, माळ काढली. दोन मिनिटांत उजवीकडची सुतळी लागली, लगेच डावीकडची. वीर्यतपासणी चांगली आली. रक्तात मात्र एफ५०८डेलची एक प्रत निघाली. स्वतःला मूल व्हायला काही अडचण नाही, पण वाहक.

थोरला बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावून समजावलं. त्याने वही काढली, फवारणीचीच, आणि जनुकाचं नाव माझ्याकडून दोनदा विचारून लिहून घेतलं. मग पेन बंद न करता विचारलं, "मुलीकडच्यांना सांगायचं का, मॅडम? सांगायचं तर सुपारीच्या आधी की नंतर?"

मी म्हटलं, आधी. आणि मुलीला, तिच्या वडिलांना नव्हे. तिचंही रक्त तपासायला सांगा, तपासणीचे पैसे तुम्ही द्या.

त्याने तेही लिहून घेतलं, 'वेळ'च्या रकान्यात.